एका मॅनेजरच्या नावाने ६० वर्षांची व्हिस्की : सन्मान की धंदा?

हातखंबा_नाका

मंडळी, धाकटा भाऊ लंडनला असतो. गेल्या महिन्यात घरी आला तेव्हा मोबाईलमधला एक फोटो दाखवला. दुकानातलं काचेचं कपाट, त्याला कुलूप, आत एकच बाटली. ग्लेन ग्रँट, वय वर्षं ६०. बाबांचा जन्म १९६० चा, म्हणून त्याने मुद्दाम काढला होता. किंमत विचारायचं धाडस त्याला झालं नाही, ती मी नेटवर शोधली आणि मग बराच वेळ नुसता बसून राहिलो.

हाती लागलं ते असं. २४ ऑक्टोबर १९६० ला स्कॉटलंडमधल्या रॉथेस गावच्या ग्लेन ग्रँट डिस्टिलरीत हा माल ओलोरोसो शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात भरला. पिंप क्रमांक ५०४०. ते थेट २०२१ मध्ये रिकामं केलं, ३६० बाटल्या निघाल्या. एकीची तेव्हाची किंमत २५,००० पौंड. आपले २५ लाख धरा. आणि निमित्त काय, तर डेनिस माल्कम या माणसाच्या नोकरीला ६० वर्षं झाली!

हा गृहस्थ १९४६ मध्ये डिस्टिलरीच्या आवारातच जन्मला. आजोबा तिथे, वडील तिथे. १९६१ मध्ये, पंधराव्या वर्षी, पिंपं बांधणाऱ्या कूपरच्या हाताखाली उमेदवार म्हणून लागला. पुढे मॅनेजर, मग मास्टर डिस्टिलर. २०१६ मध्ये ओबीई हा ब्रिटिश किताब मिळाला.

आता प्रश्न. ज्याने सुरुवातीला पिंपांच्या पट्ट्या ठोकल्या, त्याच्या नावाने २५ लाखांची बाटली काढणं हा त्याचा सन्मान, की त्याच्या साठ वर्षांना फीत बांधून विकणं? मी दोन दिवस या बाजूला असतो, दोन दिवस त्या बाजूला.

कोरडा_दिवस

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सोडावॉटर

७०० मिलीची बाटली, म्हणजे तीस मिलीचे साधारण तेवीस पेग. एक छोटा पेग लाखाच्या वर. आमच्या गल्लीतल्या बारवाल्याला सांगितलं तर म्हणेल, साहेब, सोड्याचे वेगळे.

शनिपारचा_शहाणा

१९६० म्हणजे पानशेतच्या आधीची. आमच्या घरी काळाचे दोनच भाग आहेत, पानशेतच्या आधी आणि पानशेतनंतर. आजोबांच्या कागदपत्रांतलं, आजीच्या तांब्यापितळेतलं जे जे चांगलं होतं ते सगळं १२ जुलै १९६१ ला गेलं असं ऐकत मोठा झालो. त्याच सुमारास रॉथेसमध्ये एक पंधरा वर्षांचा पोरगा कामाला लागतो आणि त्याच्या आधी काही महिने भरलेलं पिंप साठ वर्षं ठणठणीत राहतं. आमच्याकडे वाड्यातलं साधं लोणचं टिकलं नाही.

जाता जाता, पिंप भरलं तेव्हा महाराष्ट्र राज्य सहा महिन्यांचंही झालं नव्हतं.

मूळ प्रश्नाचं उत्तर : धंदा. शंभर टक्के.

मिसेस_मोडक

@शनिपारचा_शहाणा, लोणचं पुरात गेलं की घरच्यांनी संपवलं, ते एकदा नक्की विचारा. हलके घ्या.

सातारी_कंदी

कूपर म्हणजे पिंपं बांधणारा हे आज कळलं. आमच्या सातारला कूपर म्हणजे इंजिन! पारशी मंडळींत हे आडनाव कसं आलं असेल ते आता लक्षात येतंय. बाटलीवाला, दारूवाला तर आहेतच, म्हणजे पूर्ण कारखाना एका अग्यारीत जमला.

पॉटस्टिल

धागाकर्त्याने मुद्द्याची गोष्ट सांगितलीच नाही, ती सांगतो. ही व्हिस्की ५२.८ टक्के अल्कोहोलवर बाटलीबंद झाली. साठ वर्षांनंतर! हे वाचून माझी भुवई वर गेली.

पिंपातून दरवर्षी थोडं मद्य हवेत जातं, त्याला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडच्या थंड, दमट गोदामात पाण्यापेक्षा अल्कोहोल जास्त उडतं, म्हणून वर्षागणिक जोर कमी होत जातो. आणि कायदा असा की ४० टक्क्यांच्या खाली गेलं तर त्याला स्कॉच व्हिस्की म्हणताच येत नाही. चाळीस-पन्नास वर्षं जपलेलं पिंप या कारणाने हातचं जाऊ शकतं. दुसरा धोका लाकडाचा. फार मुरलं तर तोंडात काथ चघळल्यासारखं लागतं.

आता हिशोब. ३६० बाटल्या गुणिले ०.७, म्हणजे २५२ लिटर. हॉग्सहेड नावाचं मधल्या आकाराचं पिंप २५० लिटरच्या आसपास असतं. ते असतं तर साठ वर्षांत एक थेंबही उडाला नाही असा अर्थ होईल, जे अशक्य. म्हणजे हे मोठं शेरी बट असणार, साधारण ५०० लिटरचं. निम्मं उडालं, निम्मं उरलं. चक्रवाढीने वर्षाला सव्वा टक्क्याच्याही आत. पुस्तकी आकडा दोन टक्क्यांचा. दोन टक्क्यांनी गेलं असतं तर दीडशे लिटर उरलं असतं, म्हणजे दोनशे-सव्वादोनशे बाटल्या.

सोडावॉटर

@पॉटस्टिल, दंडवत घ्या. दहावीला चक्रवाढ व्याज असं शिकवलं असतं तर मी आज बँकेत असतो.

पणजीकर

आमचंही गणित करा की. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची डिस्टिलरी आहे, इथल्या उन्हात वर्षाला आठ टक्क्यांच्या आसपास उडतं म्हणतात.

पॉटस्टिल

केलं. आठ टक्क्यांनी ५०० लिटरचं बट आठ वर्षांतच निम्म्यावर येतं. साठ वर्षांनी उरेल साडेतीन लिटरच्या आत. चार बाटल्या आणि एक अर्धवट. तीही प्यायच्या लायकीची असेल असं नाही, निव्वळ लाकडाचा काढा.

पणजीकर

म्हणजे आमचे देवदूत बेवडे.

चकणासम्राट

आपण देवाला नैवेद्य दाखवतो आणि नंतर स्वतःच खातो. तिकडचे खरोखर खाऊन जातात. हा धर्मांमधला मूलभूत फरक आहे.

सातारी_कंदी

बंगळुरूच्या अमृतने याच गोष्टीवर ग्रीडी एंजल्स, म्हणजे हावरे देवदूत, नाव ठेवून आठ वर्षांची व्हिस्की काढली होती २०१३ मध्ये. आपल्या हवेत आठ वर्षं म्हणजे म्हातारपणच. शिवाय अमृतचे संस्थापक राधाकृष्ण जगदाळे, १९४८ चा कारखाना. आडनाव वाचून छाती दोन इंच फुगली होती.

शनिपारचा_शहाणा

@सातारी_कंदी, छाती फुगवायला आडनाव, प्यायला मात्र मळीच्या स्पिरिटची 'व्हिस्की'. युरोपात तिला व्हिस्की म्हणून विकता येत नाही.

सातारी_कंदी

अमृतची सिंगल माल्ट बार्लीची असते हो, मळीची नाही. २००४ मध्ये ती आधी ग्लासगोला विकायला काढली होती, म्हणजे थेट सासरी. निदान धागा वाचून टीका करा.

संपादक

मळी विरुद्ध बार्ली या विषयावर आधीचे तीन धागे आहेत, तिन्ही कुलूपबंद आहेत. कृपया मूळ विषयावर या.

उत्तरेकडची_उमा

मी ॲबरडीनला राहते. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या हट्टाखातर रॉथेसला गेले होते, म्हणून लिहिते. मी स्वतः पीत नाही, त्यामुळे चवीबद्दल विचारू नका.

गाव अगदी लहान. डिस्टिलरी १८४० ची, जॉन आणि जेम्स या ग्रँट भावांनी काढलेली. पुढे १८७२ मध्ये पुढच्या पिढीतला जेम्स ग्रँट आला, त्याला सगळे 'मेजर' म्हणतात. हौशी माणूस. डिस्टिलरीत विजेचे दिवे आणले, मागे मोठी बाग उठवली, ओढ्याच्या घळीत खडकात एक छोटी तिजोरी करून त्यात पाहुण्यांसाठी व्हिस्की ठेवायचा. उंच, सडपातळ स्टिल, म्हणजे दारू गाळायची भांडी, आणि त्यांना जोडलेले प्युरिफायर ही त्याचीच देणगी, त्याने जड वाफ परत खाली जाते आणि हलका माल पुढे येतो. इतकं मला समजलं कारण आमच्या पूर्वीच्या घरी गुलाबपाण्याचं भांडं होतं.

माझ्या डोक्यात राहिली ती वेगळी गोष्ट. मेजर शिकारीला आफ्रिकेत गेला असताना त्याला एक अनाथ मुलगा सापडला. त्याला तो रॉथेसला घेऊन आला. बियावा मकलागा त्याचं नाव, गावात 'बायवे' म्हणत. गावच्या शाळेत शिकला, मेजरच्या घरी बटलर झाला, गावच्या फुटबॉल संघातून खेळला. मेजर १९३१ मध्ये गेला. बायवे मात्र १९७२ पर्यंत तिथेच राहिला. म्हणजे पिंप क्रमांक ५०४० भरलं तेव्हा तो तिथे होता आणि आवारात वाढणाऱ्या छोट्या डेनिसनेही त्याला पाहिलं असणारच. त्याने त्या गावात काढलेली वर्षं मोजली तर साठच्या वर नक्की भरतील.

मिसेस_मोडक

उमा, हे माहीत नव्हतं. 'सापडला' आणि 'घेऊन आला' या दोन शब्दांच्या मध्ये बरंच काही असेल.

उत्तरेकडची_उमा

हो, मलाही तिथे उभी असताना तेच वाटत होतं. गाईडने प्रेमाने सांगितलं, गावानेही त्याला आपलं मानलं म्हणतात. पण त्या पोराला कोणी विचारलं असेल का, हे काही माझ्या मनातून जात नाही.

कोरडा_दिवस

पॉपकॉर्न बाजूला ठेवले.

मिसेस_मोडक

विषय निघालाच आहे तर एका बाईचं नाव घेते. बेसी विल्यमसन. १९३४ मध्ये ग्लासगोहून आयला बेटावर लाफ्रॉएग डिस्टिलरीत उन्हाळ्यापुरती टायपिस्ट म्हणून आली. मालक इयान हंटर आजारी पडल्यावर एकेक काम तिच्याकडे येत गेलं. १९५४ मध्ये तो गेला तेव्हा डिस्टिलरी तिच्या नावावर करून गेला. १९७२ ला निवृत्त झाली. तिच्या नावानेही लाफ्रॉएगने २५ वर्षांची व्हिस्की काढली आहे. फरक एवढाच, ती बघायला ती नव्हती. १९८२ मध्येच वारली. माल्कम निदान स्वतःची बाटली हातात धरायला होता.

शिवाय धागाकर्त्याच्या प्रश्नात एक गृहीतक आहे की धंदा आणि सन्मान वेगळे असतात. हंटरने दिलेली डिस्टिलरी हा सन्मान होता आणि धंदाही होता. त्याला माहीत होतं की कुलपाच्या किल्ल्या हिलाच सांभाळता येतील.

शनिपारचा_शहाणा

पण हंटरने तिला मालकी दिली. इथे माल्कमला काय मिळालं? लेबलवर नाव. कंपनी इटलीच्या कंपारीची, २००६ पासून. बाटलीमागे २५ हजार पौंड गुणिले ३६०, म्हणजे ९० लाख पौंड. लेबलवर नाव छापायला शाई किती लागते?

पॉटस्टिल

ती किंमत दुकानातली आहे, कर आणि मधले सगळे धरून. पण मुद्दा मान्य.

इटलीचा संबंध मात्र कंपारीच्या आधीचा आहे, आणि तोही योगायोगाने १९६१ चाच. अरमांडो जोव्हिनेत्ती नावाचा मिलानचा व्यापारी त्या वर्षी रॉथेसला गेला आणि पाच वर्षांच्या ग्लेन ग्रँटच्या ५० पेट्या घेऊन आला. पुढे इटलीत ती इतकी चालली की तिथे व्हिस्की म्हणजे ग्लेन ग्रँट असं झालं. म्हणजे एकाच वर्षी एक पोरगा कामाला लागला, एक इटालियन पेट्या घेऊन गेला, आणि एक पिंप गोदामात नुकतंच कुठे मुरायला लागलं होतं. मागणी इतकी असताना ते पिंप कुणी फोडलं नाही, हेच मला नवल वाटतं. पाच वर्षांच्या मालाला गिऱ्हाईक दारात उभं असताना एक बट बाजूला ठेवायचं!

चकणासम्राट

आमच्याकडे दिवाळीचा चिवडा वसुबारसेपर्यंत टिकत नाही. साठ वर्षं म्हणजे हद्द झाली.

मळीवाला_मामा

मी सहसा लिहीत नाही, वाचून सोडून देतो. पण आज लिहितो.

एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत ३४ वर्षं काढली. नाव नको. आमचं काम मळीचं. मळी आली, पाणी घातलं, यीस्ट घातलं, दीड दिवसात आंबलं, कॉलमवर घेतलं, स्पिरिट काढलं, टँकर भरला, गेला. आज काढलेलं उद्या आवारात दिसायचं नाही. कुठल्या बाटलीत गेलं, कोण प्यालं, आम्हाला पत्ता नाही. त्यामुळं साठ वर्षं एकच पिंप डोळ्यासमोर, हे आमच्या डोक्यात मावत नाही.

आमच्याकडं आंबवणीवर एक ऑपरेटर होता. वय झालेला, चौथी पास. लॅबचा रिपोर्ट यायच्या आधी टाकीजवळ उभा राहून आवाज ऐकायचा. फेस कसा फुटतोय त्यावरनं सांगायचा, साहेब, तीन नंबरची टाकी बिघडणार. चीफ केमिस्ट आधी हसायचे. मग हसायचे बंद झाले. बिघडलेली टाकी म्हणजे हजारो लिटर माल आंबट, अख्खी पाळी वाया. त्यानं असा किती माल वाचवला त्याचा हिशोब कुणी ठेवला नाही.

निवृत्त झाला त्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ. घड्याळाच्या तबकडीवर कारखान्याचं नाव आणि त्या वेळच्या चेअरमनचा फोटो. त्याचं नाव कुठंच नाही. ग्रॅच्युइटीला तीन वर्षं हेलपाटे घातले त्यानं.

म्हणून विचारतो, शनिपारचे साहेब, लेबलवर नाव म्हणजे नुसती शाई का? आमच्या गड्याला ती शाई मिळाली असती तर चाललं असतं. पैशाचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, पैसे मालकालाच जाणार. पण नाव कुणाचं लिहायचं हे तरी मालकाला ठरवावं लागलं ना? आमच्याकडं तेवढंही कुणाला सुचलं नाही.

शनिपारचा_शहाणा

मामा, शंभर टक्केचे पन्नास करतो. प्रामाणिकपणे.

सोडावॉटर

शनिपारकडून पन्नास टक्के सूट! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

मिसेस_मोडक

मामा, तो टाकीचा आवाज कसा असायचा? म्हणजे बिघडायच्या आधीचा?

मळीवाला_मामा

चांगली टाकी चिवड्याच्या कढईसारखी तडतडते, एकसारखी. बिघडणारी मधेच गप्प होते, मग दम लागल्यासारखी परत सुरू. मला कधीच कळलं नाही. त्याला कळायचं. मी नुसता शेजारी उभा राहायचो.

सातारी_कंदी

@मळीवाला_मामा, यावर वेगळा धागा काढाच.

अमेरिकेतलं एक उदाहरण देतो, बसतंय का बघा. केंटकीत ब्लँटन नावाची बर्बन, म्हणजे अमेरिकन व्हिस्की, आहे. अल्बर्ट ब्लँटन १८९७ मध्ये सोळाव्या वर्षी डिस्टिलरीच्या ऑफिसात पोऱ्या म्हणून लागला, पुढे प्रमुख झाला. तिथेच नंतर एल्मर ली मॅनेजर झाला. १९८४ मध्ये एकाच पिंपातली बर्बन बाटलीत भरून विकायची कल्पना लीने काढली, तेव्हा नाव स्वतःचं नाही, ब्लँटनचं दिलं. पुढे लीच्या नावानेही बाटली आली. थोडक्यात, आपल्या आधीच्याचं नाव आपण लावायचं, आपलं नंतरचे लावतील.

पणजीकर

@सातारी_कंदी, आणि नंतरचे विसरले तर?

सातारी_कंदी

तर घड्याळ.

पॉटस्टिल

मला यात एक गोष्ट खटकते, ती सांगून थांबतो. माल्कम लागला १९६१ ला, पिंप भरलं १९६० ला. म्हणजे ज्यांनी बार्ली भिजवली, स्टिल चालवली, पिंप निवडून भरलं, ते त्याच्या आधीच्या पिढीचे. त्यांची नावं लेबलवर नाहीत. मधली काही वर्षं तर माल्कम दुसऱ्या डिस्टिलऱ्यांत होता, २००६ मध्ये परत आला. तेवढ्या काळात दुसऱ्याच कुणीतरी त्या पिंपावर नजर ठेवली असेल, नमुना काढून नाकाला लावला असेल आणि बूच परत बसवलं असेल. अशा मालात मॅनेजरचं निम्मं काम म्हणजे न उघडणं. वर्षाअखेरीला आकडे कमी पडत असतात, वरचे विचारत असतात की ते जुनं बट अजून कशाला ठेवलंय, आणि हा म्हणतो, राहू द्या. या 'राहू द्या'ला पगाराच्या चिठ्ठीत रकाना नसतो.

कोरडा_दिवस

+१. आणि मी आयुष्यात दारूच्या धाग्यावर पहिल्यांदाच +१ देतोय.

चकणासम्राट

धागाकर्ते कुठे गायब? २५ लाख जमवताय का? ब्रिटनशी करार झालाय जुलै २०२५ मध्ये, त्यात स्कॉचवरची १५० टक्के आयात ड्युटी ७५ वर आणायचं ठरलंय, दहा वर्षांत ४० वर. थोडी कळ काढा.

हातखंबा_नाका

आलो आलो. घरी गडबड होती, बाबांचा वाढदिवस झाला परवा.

सगळ्यांचे आभार. मामांचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते स्वतः ३७ वर्षं एका वर्कशॉपमध्ये होते. ऐकून उठले, आतल्या खोलीत गेले. मला वाटलं झोपायला गेले. तर कपाटावरून एक घड्याळ काढून आणलं. तेच. तबकडीवर दुसऱ्याचा फोटो. मला हे घड्याळ घरात आहे हेच माहीत नव्हतं. म्हणाले, लावायचं नव्हतं आणि टाकवत नव्हतं.

साठ वर्षांची काही आपल्याला झेपणारी नाही. भावाने येताना विमानतळावरून ग्लेन ग्रँटचीच दहा वर्षांची आणली होती, ती त्या रात्री फोडली. बाबा वर्षातून एकदोनदा घेतात. पाणी घालून घेतली, बराच वेळ तोंडात धरली आणि म्हणाले, "घशाला लागत नाही रे." मेजरच्या प्युरिफायरचं त्यांना मी सांगितलं नव्हतं.

माझ्या प्रश्नाचं म्हणाल तर अजून दोन दिवस इकडे, दोन दिवस तिकडे.

पॉटस्टिल

घशाला लागत नाही! याहून नेमकं वर्णन मी कुठल्या चवतज्ज्ञाचं वाचलेलं नाही.

उत्तरेकडची_उमा

बाबांना वाढदिवसाच्या शुभेच्छा. त्या घड्याळाचं काय केलंत?

हातखंबा_नाका

सेल घालून बघितले. चालतंय. फोटोवर बाबांनी स्वतःच्या हाताने कॅलेंडरचा गणपती चिकटवला.

चकणासम्राट

सगळं सांगितलंत, पण चकण्याला काय होतं ते नाही सांगितलंत.

हातखंबा_नाका

भाजलेले शेंगदाणे, बारीक कांदा, वरून लिंबू. आणि आईने तळलेले कुरडईचे तुकडे.

चकणासम्राट

कुरडई! आता बोला. स्वतंत्र धागा काढतो.